पहिल्या पानावरचं नाव

१

घड्याळजी गेले ते सोमवारी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, खिडकीकडे तोंड करून. इतके गुपचूप गेले की चादरीला सुरकुती पडली नाही. उशाशी चहाचा कप निम्मा भरलेला. झाडणाऱ्या बाईने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला, आणि झाडू तिथेच टाकून ती ओरडत सुटली.

डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर पार तळाला गेली होती. पोटात साखर उतरवणाऱ्या दोन गोळ्या होत्या. आणि घड्याळजींना साखरेचा विकार आयुष्यात कधी नव्हता.

गोळ्या दिल्या होत्या सिस्टरने. बावीस खोल्यांच्या त्या वृद्धाश्रमात तिची अकरा वर्षं झाली होती. कुणाला गोळी पाण्याबरोबर जाते आणि कुणाला गप्पांबरोबर, हे तिला पाठ. मंगळवारी तिला घरी बसवलं. बुधवारी घड्याळजींच्या लेकीने पोलिसांत तक्रार दिली.

गुरुवारी दुपारी मास्तरीणबाई आश्रमाच्या पायऱ्या चढल्या. तीस वर्षं त्यांनी आधी टायपिंग आणि मग कॉम्प्युटर शिकवला होता. आता शिकवणी बंद, गुडघे कुरकुरणारे. त्यांना बोलावलं होतं व्यवस्थापकाने.

"बाई, तुमचं काम पाच मिनिटांचं," व्यवस्थापक खुर्ची पुढे ढकलत म्हणाला. "कॉम्प्युटर बघायचा, ठीक आहे असं लिहायचं, खाली सही. उद्या अकराला सिस्टरला पोलीस ठाण्यात बोलावलंय. त्याआधी तुमचा कागद तिथे पोचला की आम्ही सुटलो."

"तुम्ही सुटलात. आणि ती?"

"ती अडकली, तिच्या कर्माने. म्हणते, कागदावर होतं तेच दिलं. अहो, कागद तर कॉम्प्युटर काढतो! तो कशाला खोटं बोलेल?"

"आणि नसला ठीक तर?"

"ठीक नसायला काय झालं? तुमच्याच हाताखाली शिकलेल्या माणसाने केलाय तो."

मास्तरीणबाईंनी वळून पाहिलं. दारात कारकून उभा होता. चाळिशी गाठलेला, शर्टाची वरची गुंडी लावलेली, त्यांच्या शेवटच्या तुकडीतला सगळ्यात मन लावून शिकणारा. नेहमी धावत येऊन वाकणारा तो माणूस आज जागचा हलला नाही.

२

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत गोळ्यांचा हिशोब सिस्टरच्या वहीत असे. मग कारकुनाने हौसेने, पुस्तक पुढ्यात ठेवून, डेटाबेस तयार केला. कामाच्या वस्तू त्यात दोनच. एक फॉर्म, म्हणजे पडद्यावर एकेका माणसाचं एकेक पान: नाव, खोली, सकाळच्या गोळ्या, संध्याकाळच्या गोळ्या, पथ्य. आणि दुसरा रिपोर्ट, म्हणजे त्या पानांतून रोज सकाळी सात वाजता छापून निघणारा कागद: ठळक नाव, खाली गोळ्या. तो कागद हातात धरून सिस्टर खोल्यांतून फिरायची.

भिंतीवर व्यवस्थापकाच्या सहीचा हुकूम चिकटवलेला होता: कागदावर नाही ते द्यायचं नाही, कागदावर आहे ते चुकवायचं नाही.

"उघड," मास्तरीणबाई म्हणाल्या.

कारकुनाने फॉर्म उघडला. पहिलं पान, खोली एक: खलाशीबुवा. उमर बोटीवर काढलेला म्हातारा, साखरेचा जुना रोगी. सकाळी दोन गोळ्या. खालचा बाण दाबत दाबत नववं पान आलं: घड्याळजी. सकाळी दोन गोळ्या, रक्तदाबाची आणि हृदयाची. साखरेचं नाव नाही.

"सगळं जागच्या जागी आहे, बाई," कारकून म्हणाला.

"दिसतंय. रोजचे कागद कुठे ठेवता?"

त्याने फाइल पुढे केली. बाईंनी बोट ओलं करून पानं उलटली. शनिवार. रविवार. मंगळवार.

"अरे, सोमवार कुठाय?"

उत्तर दिलं ते व्यवस्थापकाने.

"तोच तर पुरावा! फाइल सिस्टरच्या कपाटात असते. तिनेच फाडला असणार. मी दुपारी लगेच दुसरा छापून घेतला. हा बघा. घड्याळजींच्या नावाखाली दोनच गोळ्या."

मास्तरीणबाईंनी चष्मा पुसला. "सही उद्या सकाळी," त्या म्हणाल्या.

"बाई, पाच मिनिटांचं काम होतं!"

"माझे गुडघे बघितलेत ना? माझी पाच मिनिटं लांब असतात."

३

सिस्टरचं घर दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीचं. ती मोठ्या पातेल्याला राखेने घासत बसली होती. पातेलं लखलखत होतं, तरी घासत होती.

"बसा," ती म्हणाली. "तुम्हीही विचारा. सगळे विचारतात. मी चार दिवस तेच सांगतेय, माझी मलाच आता पोपटपंची वाटते."

"मग पाचव्या दिवशी मला सांग."

"घड्याळजींच्या नावाखाली चार गोळ्या होत्या. नेहमीच्या दोन, वर साखरेच्या दोन. शुक्रवारी डॉक्टर येऊन गेले होते. मला वाटलं, तपासणीत निघालं असेल काहीतरी."

"विचारलं नाहीस?"

पातेल्यावरचा हात थांबला. "आधी एकदा विचारलं होतं. दुसऱ्याच कुणाबद्दल. तेव्हाच तो हुकूम भिंतीवर आला. 'तुमचं डोकं चालवू नका, कागद चालवा.' हे साहेबांचे शब्द."

"आणखी काही वेगळं होतं कागदावर?"

"होतं ना! खलाशीबुवांचं नावच नव्हतं. बावीस जणांच्या जागी एकवीस. मी साहेबांना सांगितलं, तर त्यांनी दुपारचा कागद नाचवला, हे काय आहे म्हणून. त्यावर होतं नाव. बाई, मी वेडी नाही हो."

"कागद तू फाडलास?"

"तो एकच कागद मला वाचवू शकतो. तो मी फाडेन?"

बाईंना हे पटलं. उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "गोळ्या घेताना घड्याळजी काही बोलले?"

सिस्टर पुन्हा पातेलं घासू लागली.

"नाही," ती म्हणाली.

४

घड्याळजींची लेक बापाच्या बंद दुकानात सापडली. भिंतीवरची घड्याळं निरनिराळ्या वेळा दाखवत होती. चिमटे, भिंगं, सुयांएवढे पेचकस ती एका डब्यात भरत होती. बाप आश्रमात गेल्यापासून दर रविवारी संध्याकाळी दोन बस बदलून ती त्याला भेटायला जायची. एकही रविवार चुकला नव्हता.

"तुम्ही तिच्या बाजूने आलात?" तिने मान वर न करता विचारलं.

"कुणाच्याच नाही, बाळ. मी कॉम्प्युटरच्या बाजूने आलेय."

"मग त्यालाच विचारा. त्याने मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं." तिने डबा आपटला. "रविवारी मी ऑफिसात डोकावले. बाबांची झोपेची गोळी बंद झाली का, एवढंच बघायचं होतं. कारकून भांडाराची किल्ली द्यायला गेला होता. पडदा चालू होता. नावांची यादी होती, त्यातून बाबांचं नाव निवडलं. खाली साखरेच्या दोन गोळ्या! मी डोळ्यांनी बघितल्या. आणि ते साहेब म्हणतात, तुम्ही दुःखात आहात, तुम्हाला भास झाला."

"मग तू कुणाला विचारलंस?"

"भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. शेवटची बस होती." ती एकदम खाली बसली. "मला वाटलं, डॉक्टरांनी सुरू केल्या असतील. एका शब्दाने विचारायला काय जात होतं माझं? पण त्या बाईला तरी कळायला नको? अकरा वर्षं काय गवत उपटलं तिने?"

मास्तरीणबाई तिच्या शेजारी टेकल्या. दोघी बायका. एकमेकींचं तोंड बघायला तयार नाहीत. एकीचा संसार दुसरीच्या सहीने उठायला आलेला. आणि दोघी सांगतात एकच: घड्याळजींच्या नावाखाली साखरेच्या गोळ्या होत्या. वैऱ्या-वैऱ्यांनी ठरवून एकच खोटं कोण बोलेल?

"पानावर आणखी काय होतं? डोळे मिटून आठव."

लेकीने खरंच डोळे मिटले. "वर नाव. शेजारी खोली... खोली चुकलेली होती. नऊच्या जागी एक. मी म्हटलं, खोली बदलणार असतील."

मास्तरीणबाईंना पहिलं पान आठवलं: खोली एक, खलाशीबुवा.

"पोरी," त्यांनी हळूच विचारलं, "तू टाइप काही केलं नाहीस ना?"

"काहीच नाही. नुसतं बघितलं."

५

आश्रमाच्या स्वयंपाकघरात आचारी हातभर लांब पळीने डाळ ढवळत होता. त्याला सगळे मामा म्हणत.

"मामा, रोजचा पथ्याचा कागद तुमच्याकडेही येतो ना?"

"येतो की. सात वाजता दोन कागद निघतात, एक सिस्टरचा, एक माझा." त्याने पळीनेच भिंतीकडे दाखवलं. खिळ्याला कागदांचा जाड गठ्ठा टोचलेला. "मी फेकत नाही. चूल पेटवायला, बरणीखाली घालायला, कशालाही लागतात."

"सोमवारचा सापडेल?"

"तो खुळा कागद? त्या दिवशी घड्याळजींचं नाव दोन्हीकडे होतं. साध्या चहातही आणि बिनसाखरेच्या चहातही. मी म्हटलं, उगीच जोखीम नको, बिनसाखरेचा देऊ. आणि खलाशाचं नाव कुठेच नाही. जाऊन विचारलं, तर म्हणतो, 'मामा, डॉक्टर विरघळला, दोन चमचे जास्त घाल!' दिला. पठ्ठ्या दिवसभर गात होता. दुसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडला."

बोलता बोलता मामा थांबला. डाळ रटरटत राहिली.

"बाई... त्यांच्या चहात साखर असती, तर..."

"मामा, तुम्ही जपायलाच गेलात," बाई म्हणाल्या.

त्यांनी कागद खिळ्यावरून सोडवला. सोमवारची तारीख, सकाळचे सात. मामा म्हणाला तसंच. म्हणजे सात वाजता कॉम्प्युटर चुकलेला होता आणि दुपारी सुधारलेला. मधल्या वेळात कुणीतरी त्याला सुधारलं होतं. ज्याने सुधारलं, त्यानेच सिस्टरचा कागद पळवला असणार. पण मामाच्या खिळ्याची आठवण त्याला राहिली नाही.

६

ऑफिसात कारकून एकटाच होता. मास्तरीणबाईंनी आधी डेटाबेसची एक नक्कल करून घेतली आणि नक्कल उघडली. पहिलं पान. खोली एक, खलाशीबुवा.

"हे नाव लिहायच्या खान्यात यादी कशाला ठेवलीस?"

"नवा माणूस आला की नाव टाइप करताना चूक होऊ नये म्हणून. तुम्हीच शिकवलं होतंत. ग्रंथालयाच्या धड्यात."

"शिकवलं होतं. आता बघ हं, मी घड्याळजींची लेक आहे. मला बाबांचं पान बघायचंय. समोर नावांची यादी. मी काय करेन?"

त्यांनी यादी उलगडली आणि 'घड्याळजी'वर बोट टेकवलं.

नाव बदललं. खोली एकच राहिली. खालच्या साखरेच्या गोळ्या जागच्या हलल्या नाहीत.

"नववं पान पुढे आलं नाही," बाई म्हणाल्या. "पहिल्या पानावरचं नाव तेवढं बदललं. तुझा खाना तक्त्याशी, म्हणजे आत माहिती साठते त्या जागेशी, बांधलेला आहे. शोधायचा खाना मोकळा असतो. नुसता पान दाखवतो. बांधलेला खाना लिहितो. आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही अगदी सारखे. 'जतन करू का' असंसुद्धा तो विचारत नाही. फॉर्म बंद केला की लिहिलेलं पक्कं."

त्यांनी फॉर्म बंद केला आणि रिपोर्ट छापला. यंत्र कुरकुरलं. घड्याळजी: चार गोळ्या. खलाशीबुवा: नाहीत.

"आणि रिपोर्ट तू नावावर जुळवलास. एका नावाची दोन पानं दिसली, त्याने दोन्हीच्या गोळ्या एकाखाली गोळा केल्या. माणसाला आकडा दिला असतास आणि त्यावर जुळवलं असतंस, तर दोन वेगळी माणसं दिसली असती. खोलीचा आकडा तरी छापायचा!"

"सिस्टरला खोल्या पाठ होत्या," कारकून पुटपुटला. "म्हटलं, कागद सुटसुटीत दिसेल."

बाईंच्या मनात ओळी आपोआप जुळत गेल्या, लहानपणापासूनची खोडच होती ती.

*नाव उडालं पाखरू, बसलं गं दुज्या दारी,*
*तिथलं दुखणं घेऊन, आलं माघारी घरी.*

"आठ महिने हे का झालं नाही, तेही सांगते," त्या म्हणाल्या. "तू स्वतः नेहमी खालच्या बाणांनी पानं उलटतोस. यादीला कधी हात लावत नाहीस. परक्या माणसाचा हात रविवारी पहिल्यांदा लागला. आणि सोमवारी दुपारी नाव परत कुणी बदललं, तेही सांगू?"

कारकुनाने वरची गुंडी काढली. आतल्या खिशातून चार घड्यांचा कागद निघाला, घामाने मऊ झालेला.

"बातमी कळली आणि मी फॉर्म उघडला. पहिल्याच पानावर त्यांचं नाव, खाली त्या गोळ्या. कसं झालं, देवाशपथ कळलं नाही. वाटलं, माझ्याच हातून झालं. हात आपोआप गेला, बाई. नाव नीट केलं. मग सिस्टरच्या फाइलमधून हा कागद काढून घेतला. मग साहेब ओरडले, सिस्टरनेच फाडला. आणि मग... मग तोंड उघडायची वेळ निघून गेली."

"चार दिवस?"

"रोज ठरवत होतो."

"ती चार दिवस एकच पातेलं घासतेय, ठाऊक आहे तुला?"

तो रडू लागला. बाईंनी त्याला रडू दिलं. शेवटच्या तुकडीला त्यांनी लिहिण्याचा धडा शिकवला होता. शोधण्याचा पुढच्या महिन्यात होता, आणि त्या महिन्यात शिकवणी बंद पडली. सही करायचा कागद पुढे ओढून त्यांनी घडलं ते ओळीने लिहिलं: बांधलेला खाना, नावावर जुळवलेला रिपोर्ट, न विचारण्याचा हुकूम, खिशातला कागद. अपुरा राहिलेला धडाही लिहिला, खाली स्वतःचं नाव घालून.

एकच ओळ राहिली. रविवारी तो हात कुणाचा होता?

७

लिहिलं नाही, तर व्यवस्थापकाला म्हणायला मोकळीक: सिस्टरनेच बदललं असणार. लिहिलं, तर एका लेकीला आयुष्यभर पुरेल एवढी आग.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मास्तरीणबाई दुकानात गेल्या. त्यांनी काही लपवलं नाही, काही सावरलं नाही. कागदावर पान काढून दाखवलं. इथे नाव, इथे यादी, इथे बोट.

लेकीने त्या चौकोनावर बोट ठेवलं.

"म्हणजे मी बघितलं, तेव्हा ते नव्हतंच," ती म्हणाली. "माझ्या बघण्याने झालं."

"तुझ्या बघण्याने नाही. बघणाऱ्याकडून लिहून घेणारा खाना होता तो. तिथे कुणाचंही बोट टेकलं असतं."

"टेकलं माझंच ना?"

लेकीने पेन मागितलं. राहिलेली ओळ तिने स्वतः लिहिली, स्वतःच्या अक्षरात: रविवारी संध्याकाळी तो बदल माझ्या हातून, नकळत झाला. सिस्टरविरुद्धची तक्रार मी मागे घेते.

"आधी ठाण्यात जाऊ या," बाई म्हणाल्या.

"आधी तिच्याकडे."

सिस्टर बाहेर पडायच्या तयारीत होती. चप्पल पायात, पिशवीत एक लुगडं आणि टॉवेल. आजच आत ठेवतील असं तिने धरूनच ठेवलं होतं. दारात घड्याळजींची लेक बघून ती दोन पावलं मागे सरली.

लेकीने कागद पुढे केला. सिस्टरने उभ्याने वाचला, मग भिंतीला टेकून दुसऱ्यांदा वाचला. शेवटच्या ओळीशी तिचे डोळे थांबले. तिने मान वर केली, तेव्हा चेहऱ्यावर सुटकेचं काही नव्हतं.

"तुम्ही सुटलात," लेक म्हणाली. "आता मला एक सांगा. मी कुणाला विचारू शकत नव्हते. ज्यांना विचारायचं, त्यांच्यावरच मी तक्रार केली होती. बाबा शेवटचं काय बोलले?"

सिस्टरने मास्तरीणबाईंकडे पाहिलं.

"मी तुमच्याशी खोटं बोलले, बाई. ते बोलले होते." तिने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "तळहातावर गोळ्या घेतल्या, बोटाने एकेक सरकवली. म्हणाले, 'सिस्टर, आज दोन जास्त आहेत.' मी म्हटलं, 'कागदावर आहेत, आजोबा.' मला पुढच्या तेरा खोल्या उरकायच्या होत्या."

"मग?"

"'तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असणार,' म्हणाले. आणि घेतल्या."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. तीनदा, चारदा. लागत नव्हती.

लेक उंबऱ्यातच बसली, पाय जिन्यात सोडून. थोड्या वेळाने सिस्टरने पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली आणि तिच्या शेजारी बसली. दोघींच्या मध्ये वीतभर जागा होती. ठाण्यात पोचायला अजून दोन तास होते. निघायची वेळ होईपर्यंत कुणीच उठलं नाही.